न पाहिलेलं फूल शिकवताना

महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या जवळपास प्रत्येकानं कधी ना कधी जास्वंदीच्या फुलाची आकृती काढलेली असते. निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग. पट्टीनं आखलेल्या सरळ रेघा, उजवीकडे एकाखाली एक नावं. परागकण कुक्षीवर पडतात, फलन होतं, अंडाशयाचं फळ होतं, बीजांडांच्या बिया होतात, हे सगळं आपण त्या एका आकृतीवरून शिकतो.

आता सांगा, जास्वंदीचं फळ तुम्ही कधी पाहिलंय?

बहुतेकांनी पाहिलेलं नसतं, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. अंगणातल्या, सोसायटीतल्या लाल जास्वंदीला फळ धरलेलं क्वचितच दिसतं. माणसानं शतकानुशतकं फांद्या खोचून वाढवलेलं हे झुडूप आहे. म्हणजे फुलाचं फळ कसं होतं हे शिकवायला आपण नेमकं असं फूल निवडलं, जे आपल्या डोळ्यांदेखत फळापर्यंत पोचतच नाही. निवडण्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. फूल मोठं असतं, भाग सुटे करता येतात, बारा महिने कुठेही मिळतं. त्यामुळे माझी तक्रार फुलाबद्दल नाही. मला प्रश्न पडतो तो इतक्या वर्गांत, इतकी वर्षं हे फूल हातात धरून शिकवणाऱ्यांबद्दल. त्यांच्यातल्या किती जणांना ही विसंगती जाणवली असेल? आणि ती न जाणवता शिकवत राहणं याला काय म्हणायचं? खोटं? अपुरं? की यात काहीच गैर नाही?

*

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. झाडांशी माझा कामापुरताही संबंध नाही. पण माझी धाकटी बहीण बी.एड. करतेय, विषय जीवशास्त्र. तिची पाठ टाचणं, तक्ते आणि प्रतिकृती गेलं वर्षभर आमच्या घरभर पसरलेल्या आहेत. २०१४च्या नियमावलीनंतर बी.एड. एका वर्षाचं दोन वर्षांचं झालं. त्या दोन वर्षांत मानसशास्त्र असतं, मूल्यमापन असतं, आशययुक्त अध्यापन असतं, शाळेतले सराव पाठ असतात. एकदा तिला ‘पानांचे प्रकार’ या घटकावर पाठ घ्यायचा होता. “दादा, संयुक्त पानाचा चांगला फोटो बघ ना,” ती म्हणाली. खिडकीबाहेर सोसायटीचा गुलमोहर उभा होता. त्याचं प्रत्येक पान संयुक्त, तेही दोनदा विभागलेलं. स्लाइडवर शेवटी गेलं ते एका परदेशी अक्रोडाचं पान, कारण तो फोटो सुबक होता. पाठ छान झाला, गुणही चांगले मिळाले.

यात काय बिघडलं? माहिती तर बरोबर होती.

तिची बाजू मी पूर्ण ताकदीनं मांडू शकतो, कारण ती माझीही बाजू आहे. मी रोज ज्यावर काम करतो त्यातलं जवळजवळ काहीच मी पाहिलेलं नाही. चिपमधला ट्रान्झिस्टर मी कधी पाहिला नाही, आणि माझा डेटा नक्की कुठल्या इमारतीतल्या कुठल्या डिस्कवर पडलाय हे मला ठाऊक नाही. आमच्या धंद्यात याला ॲब्स्ट्रॅक्शन म्हणतात. खालच्या थरात काय चाललंय ते न पाहता वरच्या थरावर बिनघोर काम करता येणं. ते नसतं तर एकही ॲप तयार झालं नसतं. भूगोलाचे सर सहारा वाळवंटात न जाता ते शिकवतात. इतिहासाच्या बाई पानिपतावर नव्हत्या. मग जीवशास्त्राच्या बाईंनीच पान-फूल प्रत्यक्ष पाहायला हवं हा हट्ट कशासाठी?

आपल्या तत्त्वपरंपरेनंही ऐकीव ज्ञानाला कमी लेखलेलं नाही. न्यायदर्शनात ज्ञानाची चार प्रमाणं मानली आहेत. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे विश्वास ठेवण्याजोग्या माणसाचं सांगणं. आपल्याला जे काही माहीत आहे त्यातलं बहुतेक याच वाटेनं आलेलं असतं. स्वतःची जन्मतारीखसुद्धा आपण आईवडिलांच्या शब्दावरच मानतो.

तेव्हा ‘न पाहता शिकवणं म्हणजे खोटं बोलणं’ हे विधान टिकत नाही. पण प्रश्न तिथे संपतही नाही.

*

नव्या नोकरीत पहिल्या महिन्याभरात प्रत्येक इंजिनिअरला एक गोष्ट कळते. डॉक्युमेंटेशन एक सांगतं आणि चालू असलेला कोड भलतंच काहीतरी करत असतो. दोघांत भांडण झालं की कोड खरा धरायचा. पण हे भांडण आहे हे कळायलाच आधी कोड चालवून बघावा लागतो. ज्यानं फक्त डॉक्युमेंटेशन वाचलंय, त्याच्या लेखी भांडणच नसतं.

आता वर्गात या. सातवी-आठवीतली एक मुलगी विचारते, “बाई, आमच्या दारातल्या जास्वंदीला फळ का येत नाही?” बाई तीनपैकी एक उत्तर देऊ शकतात. एक, “येतं गं, तू नीट बघितलं नसशील.” दोन, “ते परीक्षेला नाही.” तीन, “खरंच की. मीही कधी पाहिलेलं नाही. का बरं येत नसेल?”

दुसरं उत्तर कंटाळवाणं आहे, पण त्यानं फार नुकसान होत नाही. पहिलं मात्र घातक आहे. त्या मुलीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली, अगदी खरी गोष्ट पुस्तकाच्या भरवशावर खोटी ठरवली गेली. बाई खोटं बोलत नाहीयेत, त्यांना मनापासून तसंच वाटतं. तरीही त्या वर्गात एक अन्याय झाला. ब्रिटिश तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांनी २००७ साली अशा अन्यायावर एक पुस्तकच लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की माणसाची वस्तू किंवा संधी हिरावून घेता येते, तसंच ‘याला काही कळतं’ हा त्याचा मानही हिरावून घेता येतो, आणि तोही अन्यायच आहे. वर्गातल्या मुलांवर हा अन्याय किती सहज होतो बघा. वय लहान, आवाज लहान आणि समोर छापील पुस्तक.

तिसरं उत्तर द्यायला बाईंना जास्वंदीबद्दल सगळं माहीत असण्याची गरज नाही. पुस्तक आणि झाड यांचं कधीकधी पटत नाही, हे त्यांनी आयुष्यात निदान काही वेळा स्वतः अनुभवलेलं असलं की पुरे. भावी शिक्षकांना बाहेर का न्यायचं, याचं माझ्या मते हे खरं कारण आहे. निसर्गप्रेम, ताजी हवा, ‘मुलांना मजा येते’ ही सगळी कारणं चांगलीच आहेत, पण दुय्यम. बाहेर नेलेल्या शिक्षिकेला ‘असं पुस्तकात म्हटलंय’ आणि ‘हे मी पाहिलंय’ या दोन वाक्यांमधला फरक आतून कळतो. तो कळल्याशिवाय मुलाच्या ‘मी पाहिलंय’ला किंमत देता येत नाही.

*

सहाऱ्याचं उदाहरण इथे मोडतं. सहारा लांब आहे, त्यामुळे तो न पाहिल्याची जाणीव शिक्षकाला आणि मुलांना, दोघांनाही असते. झाडं खिडकीबाहेर असतात. त्यामुळे ती पाहिलीच आहेत असं आपण गृहीत धरतो.

जेम्स वँडरसी आणि एलिझाबेथ शुसलर या दोन अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस याला एक नाव दिलं, ज्याचं मराठी ‘वनस्पती-अंधत्व’ असं होईल. समोरच्या दृश्यात वाघ आणि साग दोन्ही असले तरी आपल्याला दिसतो वाघ. साग हा पडदा. पुढे या शब्दावर आक्षेप आला की अंधत्व हे दोषाचं रूपक म्हणून वापरू नये. आक्षेप रास्त आहे. एखादी दृष्टिहीन व्यक्ती पान चुरगळून, त्याच्या वासावरून आणि खरखरीतपणावरून झाड ओळखेल, आणि डोळस माणूस त्याच झाडाखाली गाडी लावून निघून जाईल. कमतरता डोळ्यांची नाही, लक्षाची आहे.

किती मोठ्या गोष्टीकडे आपलं लक्ष नाही? २०१८ साली शास्त्रज्ञांनी पृथ्वीवरच्या सगळ्या सजीवांमधल्या कार्बनची बेरीज मांडली. एकूण सुमारे ५५० अब्ज टन. त्यातला अंदाजे ४५० अब्ज टन वनस्पतींमध्ये, सगळे प्राणी मिळून साधारण २ आणि आपण सगळी माणसं मिळून ०.०६. म्हणजे जीवशास्त्र हा विषय वजनानं मोजला तर तो मुख्यतः वनस्पतींचाच आहे. बाकीचे आपण तळटीप.

*

न्यायदर्शनातल्या चार प्रमाणांपैकी तिसऱ्याबद्दल, उपमानाबद्दल, अजून बोललो नाही. त्याचं परंपरेनं चालत आलेलं उदाहरण मला या विषयासाठीच बनवल्यासारखं वाटतं.

शहरातल्या एका माणसाला ‘गवय’ हा शब्द माहीत आहे, पण गवय म्हणजे काय ते माहीत नाही. तो रानात राहणाऱ्या एकाला विचारतो. तो सांगतो, गवय गाईसारखा असतो. पुढे हा शहरी माणूस रानात जातो, तिथे गाईसारखा पण गाय नसलेला एक प्राणी बघतो, आणि त्याच्या मनात उजेड पडतो: अच्छा, यालाच गवय म्हणतात तर! नाव आणि वस्तू यांची गाठ पडण्याचा हा जो क्षण, त्याला नैयायिकांनी ज्ञानाचं स्वतंत्र साधन मानलं.

या गोष्टीत काय काय लागलं ते बघा. नुसता शब्द पुरला नाही, नाहीतर तो घरी बसूनच ज्ञानी झाला असता. नुसतं पाहणंही पुरलं नसतं, कारण आधी काही ऐकलं नसतं तर तो प्राणी ‘कुठलंतरी जनावर’ म्हणून समोरून निघून गेला असता. आधी सांगणं लागलं, मग जाणं लागलं. आणि सांगणारा कोण? रानात राहणारा. शहरातल्या शिकलेल्या माणसाला आधी त्याच्याकडे जाऊन विचारावं लागलं.

बी.एड.ची सहल म्हणजे बसमध्ये अंताक्षरी आणि फलकासमोर सामूहिक फोटो, असं असेल तर त्यात या तिन्हीपैकी काहीच घडत नाही. उघड्यावर असणं आणि उघड्यावर शिकणं यात फरक आहे. वडाखाली बसून वडाबद्दल काहीही न कळता दिवस काढता येतो. पारावरची कित्येक पंचायत तशीच झालेली आहे.

*

गेल्या सप्टेंबरमध्ये बहिणीच्या कॉलेजचा एक गट सकाळी पुण्यातल्या एका टेकडीवर गेला. कॅमेरा आहे म्हणून मलाही बोलावलं होतं. चाळीसेक छात्राध्यापक आणि एक मॅडम. पहिला अर्धा तास अपेक्षेप्रमाणे सेल्फीत गेला. मग मॅडमनी चौघाचौघांना सुतळी दिली आणि सांगितलं, जमिनीवर एक मीटर बाय एक मीटर चौकट आखा आणि चाळीस मिनिटं तिथून उठू नका. फोन पिशवीत. किती वेगळ्या वनस्पती आहेत ते मोजा. नाव येत नसेल तर वर्णन लिहा.

सुरुवातीला बहुतेकांचं उत्तर होतं, “मॅडम, नुसतं गवत आहे.” दहा मिनिटांनी ते ‘नुसतं गवत’ तीन प्रकारचं झालं. वीस मिनिटांनी गवतात दडलेली एक वेल सापडली. शेवटी एका गटाच्या यादीत चौदा नोंदी होत्या आणि त्यातल्या अकरांपुढे नाव नव्हतं. ‘पान खालून पांढरट’, ‘खोड चौकोनी’, ‘चुरगळल्यावर ओव्यासारखा वास’. मला ती बिननावाची यादी फार आवडली. त्यात कुणीतरी खरोखर पाहिल्याचा पुरावा होता.

त्या गटांमध्ये जव्हारकडची एक मुलगी होती. बहिणीच्या सांगण्यानुसार वर्गात फारशी न बोलणारी. तिच्या गटाच्या यादीत नावंच नावं होती. टाकळा, कुर्डू, तेरडा... मॅडमनी विचारल्यावर ती सांगायला लागली. टाकळा पहिल्या पावसात कोवळा असताना भाजीला घेतात, आता जून झालाय. कुर्डूचंही तसंच. मग कुणीतरी वनस्पतींच्या हालचालींचा विषय काढला, लाजाळूचं ठरलेलं उदाहरण आलं. ती सहज म्हणाली, “टाकळापण मिटतो की संध्याकाळी. पानं जोडीजोडीनं मिटून घेतो.” हे खरं आहे, टाकळ्याच्या पर्णिका रात्री मिटतात. लाजाळू शोधायला लागतो, टाकळा पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला पायलीला पन्नास मिळतो. म्हणजे तिच्याकडे पुस्तकातल्यापेक्षा जास्त हाताशी असलेलं उदाहरण होतं.

“हे तू सराव पाठात का नाही घेतलंस कधी?” मॅडमनी विचारलं.

“ते घरचं आहे, मॅडम.”

हे वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या शिक्षणानं तिला हे नीट शिकवलं होतं की आईकडून आलेलं ते घरचं आणि पुस्तकातून आलेलं ते विज्ञान. फ्रिकर म्हणतात तो अन्याय इथे इतका मुरला होता की तो करायला आता दुसऱ्या कुणाची गरज उरली नव्हती, ती स्वतःच स्वतःवर करत होती. आणि उद्या ती शिक्षिका होणार. तिच्या वर्गातलं एखादं मूल शेळ्यांमागे फिरताना पाहिलेलं काही सांगायला लागलं, तर तीही त्याला म्हणेल, ते घरचं आहे.

वर्गात हे कधीच उघड झालं नसतं. वर्गात पुस्तकाचा अधिकार चालतो आणि पुस्तकाच्या भाषेत जो चांगलं बोलतो तो हुशार. टेकडीवर तासाभरासाठी तो क्रम बदलला. बाहेर शिकण्याची किंमत ही आहे आणि कमाईसुद्धा. ज्याला शिकवायचं त्याला विचारावं लागतं.

असं विचारण्यातून आपल्याकडे केवढं काम उभं राहिलंय ते आठवा. डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हेडे यानं मलबारातल्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा १२ खंडांचा ग्रंथ करवून घेतला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्यातलं मूळ ज्ञान इट्टी अच्युतन या एळवा समाजातल्या वैद्याचं आणि रंग भट, विनायक पंडित, आपू भट या तीन कोंकणी वैद्यांचं. त्या तिघांचं नागरीत लिहिलेलं कोंकणी निवेदन पहिल्या खंडात छापलेलं आहे. पुढे लिनियसनं झाडांना शास्त्रीय नावं देताना या ग्रंथाचा आधार घेतला. वनस्पतिशास्त्रातला बराच भाग असा कुणाचं तरी ‘घरचं’ होता.

*

त्याच टेकडीवरून खाली उतरताना दिसणारी हिरवाई डोळ्यांना छान वाटत होती. मॅडमनी विचारलं, ही किती प्रकारची हिरवाई आहे? बराचसा भाग एकाच झाडाचा होता. ग्लिरिसिडिया. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं झाड, पुण्याच्या टेकड्यांवर वनीकरणात लावलेलं. त्याच्यामध्ये कुठे कुठे सालई, पळस, पांगारा असे मूळचे रहिवासी.

ग्लिरिसिडिया चांगला की वाईट, हा माझा मुद्दा नाही. ज्याला दोन्ही फक्त ‘हिरवं’ दिसतं तो या वादात पडूच शकत नाही, हा मुद्दा आहे. २०१९ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ३३ कोटी वृक्षलागवडीचं लक्ष्य ठेवलं होतं. रस्त्यासाठी जुनं झाड तोडताना ‘बदल्यात इतकी लावू’ असं आश्वासन मिळतं. कोणतं झाड, कुठे, कशाच्या जागी, हे विचारायला आधी झाडं वेगवेगळी दिसावी लागतात. नाहीतर उरतो तो आकडा, आणि आकडा नेहमीच मोठा असतो. नागरिकांना हे दिसावं असं वाटत असेल तर ते शाळेत कुणीतरी दाखवायला हवं, आणि त्या कुणीतरीला आधी कुणीतरी.

*

वाटेत उंबर लागला. मराठीत क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण उंबराचं फूल म्हणतो, आणि नसती घाण उकरू नये अशा अर्थानं ‘उंबर फोडून किडे कशाला बघायचे’ असंही म्हणतो. म्हणजे फूल दिसत नाही अशी तक्रार आपल्याच भाषेची, आणि फोडून बघू नका हा सल्लाही तिचाच!

मॅडमनी एक उंबर फोडला. आत शेकडो बारीक फुलं आणि काही चिलटाएवढे कीटक. उंबराची फुलं असतात, पण ती ज्याला आपण फळ म्हणतो त्याच्या आत. एक इवलीशी गांधीलमाशी तोंडाशी असलेल्या छिद्रातून आत घुसते, घुसताना तिचे पंख तुटतात, ती परागण करते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. पुढच्या पिढीतले बिनपंखांचे नर बाहेर जायला बोगदा पोखरतात. त्यातून पंख असलेल्या माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे जातात.

एका मुलीनं लगेच विचारलं, “मॅडम, मग आता या मेल्या का?” बाहेर आलेल्या काही तरी नक्कीच मरणार होत्या. सगळे गप्प झाले. मग मॅडम म्हणाल्या, म्हणून चाळीस जणांत एकच फोडला.

मला हे उत्तर नैतिकदृष्ट्या महत्त्वाचं वाटतं. बघण्यालाही किंमत असते आणि ती बघणारा देत नाही. शिकवण्यासाठी प्राण्यांचं विच्छेदन करावं का यावर आपल्याकडे वाद झाला, २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं ते थांबवायला सांगितलं. झाडांबाबत असा वाद होत नाही. फायलीत चिकटवायला साठ जणांनी साठ रोपं मुळासकट उपटली तरी कुणाला काही वाटत नाही. झाडाला वेदना होतात असं मी म्हणत नाही, तसं मानायला मला आधार दिसत नाही. पण गरजेपेक्षा जास्त न घेणं हे फक्त वेदनेवर अवलंबून नसतं. मासिक चाळून झालं म्हणून कुणी ते फाडत नाही. ‘एकच, सगळ्यांसाठी’ हे त्या सकाळी शिकवलेलं जीवशास्त्रच होतं.

*

आता आक्षेप. एका वर्गात साठ मुलं, पस्तीस मिनिटांचा तास, बाहेर न्यायला परवानग्या, काही झालं तर जबाबदारी शिक्षकाची. टेकडी, सुतळी, कॅमेरा हे सगळं शहरातल्या हौशी लोकांचं. यातला प्रत्येक शब्द खरा आहे. पण टेकडी लागतेच असं नाही. जुन्या शाळेच्या भिंतीतून पिंपळ उगवलेला असतो, गटाराच्या कडेला एरंड असतो, मैदानाच्या कोपऱ्यात टाकळा असतो. पस्तीस मिनिटांत एक मीटर जमीन होते. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं ज्ञान शाळेबाहेरच्या आयुष्याशी जोडणं हे पहिलंच मार्गदर्शक तत्त्व मानलं होतं. अडचण बहुतेकदा मैदानाची नसते. शिक्षिकेला स्वतःलाच कुणी तिथे उभं करून ‘बघ’ म्हटलेलं नसतं.

दुसरा आक्षेप तुमच्या खिशात आहे. फोटो काढा, ॲप दोन सेकंदांत नाव सांगतं. मग कशाला हा खटाटोप? ही ॲप्स साधारण कशी चालतात हे माहीत असल्यामुळे मी त्यांच्यावर खूश आहे. मॉडेलला शिकवायला लाखो फोटो लागतात, आणि प्रत्येक फोटोवर कुणीतरी जाणकारानं आधी बरोबर नाव लिहिलेलं लागतं. आयनॅचरलिस्टसारख्या व्यासपीठावर निदान दोन जणांचं एकमत झाल्याशिवाय नोंद संशोधनाच्या दर्जाची मानली जात नाही. म्हणजे ॲप हेही ‘शब्द’प्रमाणच आहे, रानात जाऊन आलेल्यांचा साठवलेला शब्द. तो वापरायला काहीच हरकत नाही. फक्त क्रम महत्त्वाचा. आधी ‘खोड चौकोनी, वास ओव्यासारखा’ असं लिहून मग ॲपला विचारलं तर गवय सापडतो. आधीच विचारलं तर नाव हातात येतं आणि पाहणं तिथेच थांबतं. शिवाय ॲपही चुकतं, आणि ते कधी चुकलं हे ओळखायला पुन्हा पाहिलेला माणूसच लागतो.

*

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात ॲना बॉट्सफर्ड कॉमस्टॉक यांनी १९११ साली शिक्षकांसाठी निसर्ग-अभ्यासाचा एक जाडजूड ग्रंथ लिहिला. स्वतः निसर्ग न शिकलेल्या शाळाशिक्षकांसाठीच तो होता. त्यात त्यांनी एका भीतीचा थेट विचार केलाय. मुलानं विचारलेलं आपल्याला आलं नाही तर? त्यांचा सल्ला साधा आहे. माहीत नाही असं सांगावं आणि मुलाबरोबर शोधायला लागावं.

ऐकायला सोपं आहे, पण वर्गात उभं राहून ‘मला माहीत नाही’ म्हणणं फार अवघड असतं, कारण शिक्षकाचा अधिकार माहीत असण्यावर उभा आहे असं आपण सगळेच मानतो. बाहेर, गवतात बसल्यावर ते वाक्य सोपं होतं. तिथे कुणालाच सगळं माहीत नसतं, मॅडमनासुद्धा. एकदा ते तिथे म्हणता आलं की मग वर्गातही म्हणता येतं.

बी.एड.ची दोन वर्षं म्हणजे दोन पावसाळे. एवढ्यात प्रत्येक छात्राध्यापकानं निदान एक झाड निवडावं, कॉलेजच्या वाटेवरचं, रोज दिसणारं. त्याला पालवी कधी फुटते, फूल कधी येतं, त्यावर कोण येतं, फळ धरतं की नाही, एवढं दर आठवड्याला लिहावं. सीझनवॉच नावाच्या भारतीय उपक्रमात अनेक शाळांमधली मुलं हेच करतात, मग त्यांच्या होऊ घातलेल्या शिक्षकांना ते जड जाऊ नये. पहिल्या वर्षाच्या नोंदी दुसऱ्या वर्षी जुळणार नाहीत. फूल आठ-पंधरा दिवस पुढेमागे होईल. पुस्तकात लिहिलंय तसं झाड कधी वागेल, कधी नाही. कुठल्यातरी आठवड्यात एखादी आजी किंवा रस्ता झाडणाऱ्या मावशी थांबून त्या झाडाबद्दल असं काही सांगतील जे कुठेच छापलेलं नाही, आणि ते वहीत, ‘घरचं’ असा वेगळा रकाना न करता, बाकीच्या नोंदींच्या शेजारीच लिहावं लागेल.

एवढं झालं की मग तिनं खुशाल न पाहिलेलं फूल शिकवावं.